ठेकेदाराचं वरचं

नानांच्या घरात ‘वरचं’ हा शब्द शिरला तो वरच्याच मजल्यावरून. वरच्या काकू जिना उतरून आल्या, पाळण्यात डोकावल्या, आणि “गुटगुटीत आहे हो” म्हणायच्याही आधी म्हणाल्या, “मग? वरचं कधी सुरू करताय?”

ज्यांच्या घरात अलीकडे पाळणा हललेला नाही त्यांच्यासाठी सांगायला हवं. आईच्या अंगावरचं सोडून बाळाला जे जे दूध पाजतात, मग ते गाईचं असो की डब्यातल्या पावडरीचं, त्याला वरचं म्हणतात. आणि पगार सोडून माणसाला टेबलाखालून जे मिळतं, त्यालाही वरचंच म्हणतात. मिळतं खालून आणि म्हणायचं वरचं! भाषा ही मोठी खोडकर बाई आहे. तिनं हे दोन अर्थ एकाच खुंटीला टांगून ठेवले, आणि त्या खुंटीला नानांचा सदरा अडकला.

नाना म्हणजे पाणीमीटर कार्यालयाचे निवृत्त मुख्य कारकून. कुणी लांबण लावली की ते टेबलावर पेन्सिल आपटून “मुद्द्याचं बोला” म्हणत. त्यामुळे ऑफिसात त्यांचं नाव मुद्देसाहेब पडलं होतं. त्यांची सून त्याच कार्यालयात गळती विभागात होती. म्हणजे कुठला पाइप फुटला, कुठला नळ ठिबकतो, याच्या तक्रारी ऐकायची. सध्या ती बाळंतपणाच्या रजेवर होती आणि रजा संपत आली होती. मुलगा फिरतीच्या नोकरीत, त्यामुळे त्याचं मत फोनवरून येई आणि बहुधा अर्ध्यात तुटे.

राहता राहिलं बाळ. त्याला घरात सगळे ठेकेदार म्हणत. हे नाव नानांनीच ठेवलं. जन्मभर ठेकेदारांची बिलं तपासलेल्या माणसाला खूण लगेच पटते. दर थोड्या वेळानं आरडाओरडा करायचा, मागणी पुरी झाली की काहीएक काम न करता झोपून जायचं, आणि जागं झाल्यावर जणू काही मिळालंच नव्हतं असा चेहरा करायचा.

तर वरच्या काकूंनी विचारलं, वरचं कधी.

“कशाला वरचं?” नानांची बायको, म्हणजे ठेकेदाराची आजी, म्हणाली. “मी याच्या बापाला दोन वर्षं पाजलं.”

“दोन?” नाना पेपरामागून म्हणाले. “गेल्या आठवड्यात दीड होतं.”

“तुम्हाला काय माहीत? तुम्ही ऑफिसात होता.”

“माझ्या मुलाला मी थेंबभर पाजू शकले नाही,” वरच्या काकू म्हणाल्या. “डब्यावर वाढला. आज सहा फूट आहे.”

“पण बोलत नाही कुणाशी,” आजी म्हणाली.

“तो स्वभाव!”

एकदा दार उघडं दिसलं की सल्ल्याला जोडे झिजवावे लागत नाहीत. समोरच्या वहिनी म्हणाल्या, लसूण खा, दूध वाढतं. त्यांच्या सासूबाई म्हणाल्या, लसूण खाल्लीस तर पोर तोंड फिरवेल. तळमजल्यावरचे शिंपीकाका म्हणाले, बाकी काही नाही, फक्त चिंता करायची नाही, चिंतेनं दूध आटतं. सल्ला सोन्यासारखा होता. पण शिंपीकाका रोज येता-जाता, “काय सूनबाई, चिंता नाही ना करत?” असं विचारायला लागले, आणि आजवर निवांत असलेल्या सूनबाईला त्यांच्या पावलांचा आवाज आला की छातीत धडधडायला लागलं. दूध आटण्याचं जगातलं निम्मं कारण म्हणजे ते आटेल का असं विचारणारी माणसं असावीत.

शेवटी सूनबाईनंच सगळ्यांना गप्प केलं. “हे बघा,” ती म्हणाली, “दूध आहे. माझी इच्छा आहे. ठेकेदार तर एका पायावर तयार आहे. डॉक्टरीणबाई म्हणाल्यात, जमेल तितके दिवस पाजा. सगळं अडलंय ते कडीवर.”

“कढीवर?” आजीनं विचारलं.

“कडीवर! दाराच्या कडीवर. कामावर गेले की दिवसातून दोनदा दूध काढून ठेवावं लागेल, नाहीतर अंग दुखून येतं आणि हळूहळू दूधच बंद होतं. आणि आमच्या ऑफिसात आतून कडी लागते अशी एक खोली नाही. जिन्याखालचं बाथरूम आहे, त्याचीही कडी मोडलेली. दार पायानं धरावं लागतं. बाथरूममध्ये एका पायावर उभं राहून तुमच्यापैकी कुणाचा जेवणाचा डबा भरला तर चालेल का?”

कुणाला चालणार नव्हतं.

“आमच्या टायपिस्टनं तिसऱ्या महिन्यात बाळाचं अंगावरचं तोडलं. हौस होती का तिला? एवढीशी कडी नव्हती म्हणून. एक खोली आणि एक कडी, बाबा. नाहीतर वरचं सुरू.”

हे ‘बाबा’ म्हणताना तिनं नानांकडे पाहिलं. नानांनी पेपराची घडी घातली. “माझ्यावर सोड. त्या ऑफिसात अजून माझ्या शब्दाला वजन आहे.”

“किती?” आजीनं विचारलं.

असल्या प्रश्नांना उत्तर द्यायचं नसतं.

अडचण एकच होती. नानांनी आयुष्यात ‘दूध’ हा शब्द फक्त चहाच्या संदर्भात उच्चारला होता. सुनेच्या बाबतीत तो परक्या पुरुषांसमोर उच्चारायचा या कल्पनेनंच त्यांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. ज्या माणसानं जन्मभर दुसऱ्यांना मुद्द्यावर आणलं, त्याला आता मुद्दा सोडून बाकी सगळं बोलायचं होतं.

दारातच पहिला झटका बसला. पहारेकऱ्यानं त्यांना अडवलं.

“कुणाला भेटायचंय?”

“अहो, मी इथला मुख्य कारकून.”

“ते वर बसलेत.”

“मी आधीचा.”

“आधीचे घरी बसतात,” पहारेकरी समजुतीनं म्हणाला, आणि त्यानं नानांच्या छातीवर ‘अभ्यागत’ अशी पट्टी टोचली. ज्या इमारतीतली प्रत्येक खुर्ची कुठं करकरते हे आपल्याला पाठ आहे, तिथं छातीवर अभ्यागत लावून फिरायचं! नानांनी पट्टीवर रुमाल धरला आणि खोकल्याचं सोंग करत भांडारापर्यंत पोचले.

भांडारपालाला सगळे कुलूप म्हणत. वस्तू आत गेली की बाहेर येत नसे, आणि शब्दाचंही तसंच. तो नानांचा जुना सहकारी. नाना त्याच्या कानाशी लागले.

“माझा नातू अजून अंगावर आहे.”

“कुणाच्या?”

“सुनेच्या.”

“एकटीच्याच? वाईट. तुमच्या मुलानं पण थोडं अंगावर घ्यायला पाहिजे. हल्लीचे बाप घेतात.”

“त्याला कसं जमेल?”

“का नाही जमणार? मी माझी दोन्ही पोरं अंगावर घेतली होती. बायकोच्या आजारपणात.”

नानांनी कुलूपकडे नव्या आदरानं पाहिलं, मग विषय सोडून दिला. “मला एक आडोसा हवाय,” ते म्हणाले.

खोली देणं कुलूपच्या हातात नव्हतं. पण मागच्या रक्तदान शिबिराचा एक घडीचा पडदा होता, तीन फळ्यांचा, हिरव्या कापडाचा. त्याचा एक पाय आखूड होता. “याला एका बाजूनं भिंत लागते,” कुलूप म्हणाला, “म्हणजे माणसासारखाच आहे.” नानांनी तो पडदा स्वतः उचलून गळती विभागाच्या कोपऱ्यात लावला. सून रुजू होईल तेव्हा तिला चकित करायचं होतं. अर्थात नाना नुसता पडदा लावून थांबणारे नव्हते. बिल पास करण्याआधी काम जागेवर जाऊन बघायचं, ही त्यांची जन्माची सवय. सुनेनं आणलेला दूध काढायचा हातपंप त्यांनी गुपचूप पिशवीतून आणला होता. काचेची बाटली, वर रबराची गोल वाटी, बाजूला दांडा. दांडा दाबला की तो कुईं-कुईं वाजे. पडद्यापलीकडे आवाज जातो का, हे तपासायला हवं होतं.

नाना पडद्यामागे स्टुलावर बसले, पंप मांडीवर घेतला आणि दांडा दाबला. कुईं.

पलीकडे तक्रारदारांची रांग होती. ती एकदम शांत झाली.

कुईं. कुईं. नाना कान देऊन ऐकत होते. जास्त नीट ऐकावं म्हणून ते किंचित पुढे झुकले, कोपर फळीला लागलं, आणि त्या आखूड पायानं इतक्या दिवसांत पहिल्यांदाच ठाम भूमिका घेतली. पडदा संथपणे, एखाद्या समारंभात उद्घाटन व्हावं तसा, पलीकडे आडवा झाला.

रांगेतल्या सगळ्यांनी पाहिलं. छातीवर ‘अभ्यागत’, मांडीवर पंप, दांडा अर्धा दाबलेला, आणि चेहऱ्यावर मुख्य कारकुनाचा भारदस्तपणा.

“हा पंप कुणाला देताय?” पहिल्या तक्रारदारानं विचारलं.

“हा त्यासाठी नाही,” नाना म्हणाले.

“आमच्या नळाला चार महिने दाब नाही. आम्हाला सांगता पंप शिल्लक नाहीत. आणि ओळखीवाल्यांना पडद्यामागून वाटताय?”

“एवढ्याशा पंपानं काय होणार?” मागचा एक म्हणाला.

“काही नसण्यापेक्षा बरं! अहो आजोबा, किती लिटर ओढतो?”

नाना खरं सांगू शकत नव्हते आणि खोटं त्यांना येत नव्हतं. ते म्हणाले, “ते ज्याच्या-त्याच्या प्रकृतीवर आहे.” हे ऐकून रांग खवळली. नानांनी पंप पिशवीत कोंबला आणि पडदा ओलांडून जिन्याकडे धाव घेतली. पुढे कित्येक दिवस गळती विभागात ‘प्रकृतीप्रमाणे पंप’ मागणारे लोक येत राहिले.

आता राहिले प्रशासन अधिकारी. हे साहेब नव्यानं बदलून आले होते. त्यांच्या आधीच्या साहेबांना वरचं घेताना रंगेहाथ पकडलं होतं, त्यामुळे हे इतके सांभाळून असत की भेटायला आलेल्याकडून ‘नमस्कार’सुद्धा अर्धाच घेत. नाना समोर बसले आणि त्यांनी घसा साफ केला.

“सुनेचा एक नाजूक प्रश्न आहे.”

“बोला.”

“तिला इथं एक खोली हवी. आतून कडी लागणारी. दिवसातून दोनदा.”

साहेबांनी पेन खाली ठेवलं. “कशासाठी?”

“ते... काढून ठेवायला.”

“काय काढून ठेवायला?”

“जे साठतं ते.”

“कुठं साठतं?”

नानांनी पंख्याकडे पाहिलं. “कामाच्या वेळेत साठतं, साहेब. वेळच्या वेळी काढलं नाही तर त्रास होतो. आणि मग ते गुपचूप घरी पोचवायचं. घरी ठेकेदार वाट बघत असतो ना.”

“ठेकेदार तुमच्या घरी येतो?”

“येतो कसला? असतोच. आमचाच आहे तो.”

साहेब उठले आणि त्यांनी खोलीचं दार सताड उघडं केलं, म्हणजे आपण काही बंद दाराआड ऐकलं नाही. नानांना वाटलं, साहेबांना उकडतंय. आपल्या बोलण्याचा परिणाम होतोय हे पाहून त्यांना चेव आला.

“माझ्या घराण्याला आजवर वरचं माहीत नाही, साहेब. पण आता स्पष्टच सांगतो. खोली दिली नाहीत, तर सुनेला वरचं सुरू करावं लागेल. मग आम्हाला बोल लावू नका.”

“हे तुम्ही मला उघड-उघड सांगताय?”

“चोरी कसली त्यात? घरोघरी चालतं. आम्हीच आजवर टाळलं.”

साहेबांच्या कपाळावर घाम आला. “प्रकरण वर कळवावं लागेल,” ते कसेबसे म्हणाले.

नाना तरंगत घरी आले. “झालं काम,” त्यांनी जाहीर केलं. “प्रकरण वर गेलंय.”

“वजन आहे म्हणायचं,” आजी म्हणाली, पण सवयीनं.

लवकरच निरोप आला. नाना आणि सूनबाई, दोघांनी दक्षता विभागात हजर राहावं. नानांच्या काळात हा विभाग नव्हता. वरचं खाणाऱ्यांना पकडायला तो नंतर निघाला. नानांना दक्षता एवढीच माहीत होती, की आजाऱ्यानं आणि बाळंतिणीनं घ्यावी. “बघ,” ते सुनेला म्हणाले, “बाळंतिणीची दक्षता घ्यायला आता स्वतंत्र विभाग काढलाय. सरकार बदललं बरं का.”

दक्षता अधिकारी या एक करारी बाई होत्या. त्यांना सगळे चाळणी म्हणत. त्यांच्यासमोरून गेलं की पीठ खाली आणि खडा वर. त्यांची चौकशीची खोली लांब व्हरांड्याच्या टोकाला. जाड दार, खिडकीला पडदा, हात धुवायची जागा, पाण्याच्या बाटल्यांसाठी छोटा फ्रीज, आणि एक मऊ आरामखुर्ची, कारण आरामात बसला की माणूस खरं बोलतो असा चाळणीबाईंचा अनुभव. आत डोकावताक्षणी सूनबाईची नजर दारावर गेली. पितळेची, हातभर लांब, आतून लागणारी कडी! दागिन्यांच्या दुकानासमोर पाय अडखळावा तशी ती क्षणभर थबकली. तेवढ्यात ठेकेदार कुरकुरायला लागला, म्हणून ती त्याला घेऊन व्हरांड्यात फेऱ्या घालायला गेली. आत नाना एकटे उरले.

“वरचं कधीपासून सुरू आहे?” चाळणीबाईंनी विचारलं.

बाईमाणूस असूनही त्या इतक्या सरळ विषयावर आल्या, याचं नानांना बरं वाटलं. “अजून नाही हो. पण सगळे मागे लागलेत.”

“सगळे म्हणजे कोण?”

“वरच्या काकू तर रोज विचारतात.”

“त्या कुठल्या पदावर आहेत?”

“पद कसलं? वर राहतात.”

बाईंनी लिहून घेतलं. “त्या स्वतः घेतात?”

“त्या द्यायच्या. पहिल्या दिवसापासून वरचं. लपवत नाहीत, कौतुकानं सांगतात. मुलगा त्याच्यावरच एवढा झाला.”

“आणि तुमच्या घरात? तुमच्या पत्नी?”

“ती म्हणते, दोन वर्षं शिवलंसुद्धा नाही. मला त्या आकड्याबद्दल शंका आहे.”

बाईंनी भुवया वर केल्या. स्वतःच्या बायकोविरुद्ध साक्ष देणारा माणूस त्यांनी पहिल्यांदाच पाहिला. “आता ठेकेदाराचं सांगा. त्याचा आणि तुमच्या सुनेचा काय व्यवहार?”

“व्यवहार म्हणजे... तो तिच्याकडून घेतो.”

“तो घेतो? ठेकेदार देतो, असं ऐकलंय मी आजवर.”

“हा कसला देतोय! फक्त घेणं माहीत. आणि समाधान नाही. इथलं संपलं की दुसरीकडे तोंड घालतो.”

“दुसरीकडे म्हणजे?”

नाना कानापर्यंत लाल झाले. “दुसऱ्या... बाजूला.”

“दोन्ही बाजूंकडून घेतो!”

“डॉक्टरांनीच तसं सांगितलंय.”

“यात डॉक्टरही सामील आहे?” बाईंनी कागद उलटला. एवढं मोठं प्रकरण त्यांच्या हाती कधी लागलं नव्हतं. “आणि हे सगळं तुम्ही डोळ्यांनी पाहिलंय?”

“छे छे!” नाना ताडकन उभे राहिले. “भलतंच काय बोलता! मी त्या वेळी गॅलरीत जाऊन उभा राहतो!”

तेवढ्यात दार ढकलून सूनबाई आत आली. ठेकेदारानं व्हरांडा डोक्यावर घेतला होता. “मॅडम, माफ करा,” ती म्हणाली, “पण ठेकेदाराला आत्ताच्या आत्ता दिल्याशिवाय तो ऐकणार नाही.”

“कुठं आहे तो? आणा त्याला आत!”

“हा काय.”

चाळणीबाईंनी कापडात गुंडाळलेल्या त्या लालबुंद, टक्कल पडलेल्या, मुठी आवळलेल्या गृहस्थाकडे पाहिलं. त्यानंही त्यांच्याकडे पाहिलं, आणि तक्रार नव्यानं मांडली.

“हा ठेकेदार?”

“हो.”

“आणि वरचं म्हणजे?”

“दूध हो, मॅडम. डब्यातलं दूध. मला ते सुरू करायचं नाहीये, एवढंच. मला रोज दोनदा एक खोली आणि एक कडी हवीय.” मग तिनं सासऱ्यांकडे पाहिलं. “बाबा, तुम्ही काय सांगितलंत यांना?”

नानांना सगळा प्रवास एकदम उलटा दिसला. साहेबांनी उघडलेलं दार, घाम, ‘प्रकरण वर’. आपण आपल्याच सुनेवर लाचखोरीचं प्रकरण उभं केलं, आणि वर तरंगत घरी गेलो! रुजू होण्याआधीच तिची नोकरी जायची वेळ आणली. त्यांचं तोंड इवलंसं झालं. पहारेकऱ्यानं लावलेली पट्टी त्यांना पहिल्यांदाच योग्य वाटली.

चाळणीबाई हसल्या नाहीत. त्यांनी पेनाला टोपण लावलं. “तुम्ही बाहेर बसा,” त्या नानांना म्हणाल्या. नाना बाहेर आले. मागे कडी सरकल्याचा आवाज झाला, आणि व्हरांड्यात अचानक शांतता पसरली.

बऱ्याच वेळानं दार उघडलं. ठेकेदार आरामखुर्चीत, सुनेच्या खांद्यावर, जगाला माफ करून झोपला होता.

“प्रकरण गंभीर आहे,” चाळणीबाई म्हणाल्या.

“मॅडम, चूक माझी आहे. सुनेचा काही दोष नाही. हे प्रकरण आत्ताच्या आत्ता बंद करा.”

“बंद केलं तर ही खोली जाईल. माझ्याकडे सध्या दुसरं एकही प्रकरण नाही, आणि तो कुलूप जुने मीटर ठेवायला ही जागा मागतोय. प्रकरण चालू असेपर्यंत कुणी हात लावू शकत नाही. तुमची सून मुख्य साक्षीदार. साक्ष दिवसातून दोनदा. साक्षीदारावर दबाव येऊ नये म्हणून एकटीनं, आणि कडी आतून.”

“पण हे खोटं नाही का होणार?” मुख्य कारकुनाचा आत्मा तरीही कळवळला.

“खोटं काय? वरचं सुरू होऊ नये म्हणून दक्षता घ्यायची. विभागाचं कामच ते.” मग त्या फाइल बांधताना, फाइलीशीच बोलावं तशा म्हणाल्या, “माझ्या मुलीचं मी तिसऱ्या महिन्यात तोडलं. जिन्याखालच्या बाथरूममध्ये. दार पायानं धरून.”

नानांनी ती पितळी कडी उगाचच एकदा सरकवून पाहिली. छान लागत होती.

सूनबाई कामावर रुजू झाली. दिवसातून दोनदा शिपाई गळती विभागात येऊन गंभीर चेहऱ्यानं “साक्षीला” असं म्हणे, आणि ती पिशवी घेऊन जाई. काढलेली बाटली फ्रीजमध्ये. कुणी चुकून कॉफीत घालू नये म्हणून चाळणीबाईंनी त्यावर लाखेचं सील केलं आणि चिठ्ठी लावली, ‘मुद्देमाल’. तो मुद्देमाल घरी न्यायला रोज मुद्देसाहेब येत. पहारेकरी आता उठून सलाम ठोके. अभ्यागताची पट्टी तो विसरला होता. “काय हो मुद्देसाहेब,” तो एकदा कुजबुजला, “लई मोठी धेंडं अडकलीत म्हणे?” नाना गूढपणे म्हणाले, “एकच आहे. पण वजन वाढतंय.”

ऑफिसात मात्र घबराट उडाली. इतके दिवस साक्ष चालते म्हणजे ती बाई कुणाकुणाची नावं सांगत असेल! ज्यांना सवय होती त्यांनी हात आखडले. टेबलाखालचे सगळे हात टेबलावर आले. एका बाळाचं वरचं थांबवायला निघालेल्या नानांनी अख्ख्या कार्यालयाचं वरचं बंद पाडलं, आणि त्यांना त्याचा पत्ताही नव्हता.

इमारतीतले सल्ले आता उलट्या दिशेनं वाहू लागले. “अजून अंगावरच?” वरच्या काकूंनी विचारलं. “आता तोडा हो. दात आले.” आजीनं परस्पर सांगून टाकलं, “चौकशी चालू आहे तोवर तोडता येत नाही.” काय खावं, काय खाऊ नये यावर सगळ्यांचं मत असतं. चौकशीपुढे कुणाचं काही चालत नाही.

आणि एक दिवस ती संपायची वेळ आली. वरून विचारणा झाली, की हे प्रकरण कुठवर आलं? मुदतवाढ हवी तर प्रशासन अधिकाऱ्यांची सही पाहिजे. आणि हे साहेब तर मेल्या माणसाच्या सुट्टीवरही सही करायला कचरत. सूनबाईचा चेहरा पडला. ठेकेदार अजून आईला चिकटलेला, त्याच ऑफिसात असलेली टायपिस्टची वहिनीही आता ‘साक्षीला’ यायला लागलेली. नाना म्हणाले, “मी बोलतो.” घरातले सगळे एकदम “नको!” म्हणाले. पण नाना निघाले होते.

साहेबांनी नानांना पाहिलं आणि स्वतः उठून दार लावून घेतलं. लावून! नाना चपापले.

“मुद्देसाहेब,” साहेब म्हणाले, “तुम्ही आलात ते बरं झालं. माझा एक नाजूक प्रश्न आहे.”

“बोला.”

“माझी मुलगी हिशेब विभागात आहे. तिच्या बाबतीत... आता थोड्याच महिन्यांत... म्हणजे त्यानंतर ती परत येईल, तेव्हा तिला... दिवसातून दोनदा...” साहेबांनी पंख्याकडे पाहिलं. “तुमच्या सूनबाईंनी तिला काहीतरी सांगितलंय. ती मला म्हणते, बाबा, मला पण साक्षीदार व्हायचंय. मी सगळं समजलो असं नाही. पण जे काही आहे ते... साठतं ना, ते...”

नानांनी साहेबांच्या टेबलावरची पेन्सिल उचलली आणि टेबलावर आपटली. किती वर्षांनी!

“मुद्द्याचं बोला, साहेब. दूध म्हणा. दूध! सोपा शब्द आहे. मला तो शिकायला एक अख्खी चौकशी लागली.”

साहेबांनी आजूबाजूला पाहिलं, ओठांची जुळवाजुळव केली, आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, “दूध.”

“आता सही करा.”

साहेबांनी केली.

पुढे दोनेक महिन्यांनी, एका साध्या सकाळी, ठेकेदारानं आईकडे पाहिलं, हसला, तोंड फिरवलं आणि रांगत जाऊन नानांच्या ताटातला पाव पळवला. दुसऱ्या दिवशी तेच. कुणी तोडलं नाही, कुणी रडलं नाही. त्याचं त्यानंच ठरवलं. सूनबाईनं दोन दिवस पंप उगाच पिशवीत तसाच ठेवला, मग धुऊन, कोरडा करून, टायपिस्टच्या वहिनीला दिला.

नाना सवयीनं ऑफिसात गेले आणि त्यांनी चाळणीबाईंना बातमी दिली. “मॅडम, ठेकेदार उलटला.”

“ऐकलं.”

“म्हणजे आता चौकशी बंद करायला हरकत नाही.”

चाळणीबाईंनी उघड्या दारातून व्हरांड्याकडे पाहिलं. साहेबांची मुलगी एक हात कमरेवर आणि एक पोटावर ठेवून, आरामात, हिशेब विभागाकडे निघाली होती.

“छे,” चाळणीबाई म्हणाल्या. “मुख्य साक्षीदार अजून यायचाय.”